पत्रा बंद करायच्या आधी एकदा बघून जा – एका डेंटरचं खुलं पत्र

प्रति,
मोटर विमा कंपन्यांचे क्लेम मॅनेजर, सगळे सर्व्हेअर साहेब आणि हैदराबादला आयआरडीएआयमध्ये बसून मोटर विम्याचे नियम ठरवणारे अधिकारी,

नमस्कार.

मी रत्नागिरीतला डेंटर. सव्वीस वर्षं पत्र्याचं काम करतोय, पहिली नऊ दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये आणि त्यानंतर एमआयडीसीत स्वतःच्या शेडमध्ये. पत्र लिहायचं कारण गेल्या मंगळवारी माझ्याकडे आलेली एक पांढरी हॅचबॅक.

गाडी एका शिक्षिका मॅडमची आहे. डाव्या बाजूला मागच्या दाराखाली जो रनिंग बोर्ड असतो, तुमच्या कागदावर ज्याला सिल म्हणतात, तिथे पेंटखाली तांदळाच्या दाण्याएवढे पाच-सहा फोड आले होते. मॅडम म्हणाल्या, दादा, एवढंच घासून टचअप करून द्या, गणपतीला गावी जायचंय. मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एक फोड दाबला आणि टोक सरळ आत गेलं. जोर लावावाच लागला नाही, चहात भिजलेल्या खारीत बोट जावं तसं गेलं. बाहेर काढलं तर मागोमाग तपकिरी पाणी, आणि ते थांबेचना, पाच मिनिटं जमिनीवर ठिबकत होतं. मॅडम बाजूलाच उभ्या होत्या, त्यांनी पटकन पर्स वर उचलून धरली आणि मला विचारलं, हे गाडीतलं पाणी आहे का?

मग त्यांच्या परवानगीने कापून बघितलं. पुट्टी, आमच्याकडे लांबी म्हणतात, ती कॅलिपर लावून मोजली तर नऊ मिलिमीटर. दोन, फार तर तीन मिलिमीटरच्या वर लांबी चढवायची नाही हे पहिल्या महिन्यातल्या पोराला पण माहीत असतं. पत्रा ठोकून बाहेर काढलेलाच नव्हता, खड्डा तसाच ठेवून वरून भरून टाकला होता. मागच्या टोकाला नवीन तुकडा जोडलाय, बाहेरून वेल्डिंग इतकं सफाईने घासलंय की हात फिरवून कळणार नाही, पण आत छोटा कॅमेरा सोडून बघितलं तर वेल्डिंगची अख्खी रेघ उघडी, जळालेली, प्रायमरचा थेंब नाही. आणि या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट तळाला होती. सिलच्या तळाला कंपनी मुद्दाम भोकं ठेवते, आत शिरलेलं पाणी खाली जायला, ती सगळी भोकं लांबी आणि काळ्या अंडरकोटने बुजवून टाकलेली. दोन पावसाळे पाणी आत जात राहिलं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा हायवेला एका टेम्पोने या गाडीला डाव्या अंगाला ठोकलं होतं. मॅडमनी सगळं रीतसर केलं होतं, क्लेम लगेच टाकला, तुमच्याच यादीतल्या कॅशलेस वर्कशॉपला गाडी दिली, सर्व्हे झाला, काम झाल्यावर री-इन्स्पेक्शन झालं, बिल पास झालं, सगळ्या कागदांवर सही-शिक्का आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये डिलिव्हरीच्या दिवसाचा फोटो आहे, दाराचा पेंट असा चमकतोय की त्यात समोरचं नारळाचं झाड दिसतंय. वर्कशॉप कुठलं, विमा कंपनी कुठली, हे मी लिहिणार नाही, कारण अशी कामं मी सगळ्या प्रकारच्या गॅरेजमधून आलेल्या गाड्यांत उघडून बघितलीत, मोठ्या काचेच्या शोरूमवाल्यांची पण आणि रस्त्याकडेच्या टपरीवाल्यांची पण. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

आता मॅडमनी जायचं कुठे? विमा कंपनी म्हणते गंज म्हणजे वेअर अँड टेअर, पॉलिसीत बसत नाही, आणि पॉलिसी वाचली तर तसं लिहिलेलंच आहे. वर्कशॉप म्हणतं पेंटची वॉरंटी एक वर्षाची होती, संपली. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि आमच्या कोकणात आतला गंज बाहेर दिसायला साधारण तेवढाच वेळ लागतो, मग कारण घडलं कधी, डिलिव्हरीच्या दिवशी का फोड आला त्या दिवशी, यावरच वकील भांडत बसणार. शेवटी पैसे मॅडमच्या खिशातून जाणार आणि ते घेणारा मी, म्हणून मला जास्त लागतंय.

साहेब, तुमच्यापैकी बरेच जण टेबलावरून फाइल बघता, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मी एकदा चाकणला एका प्लँटमध्ये बॉडी बनताना बघून आलोय. रोबोट हजारो स्पॉट मारून पत्रे जोडतात आणि मग ती अख्खी बॉडी, नुसता सांगाडा, प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि करंट सोडतात. करंटमुळे प्रायमर पेटीच्या, म्हणजे पत्रे जोडून बनलेल्या पोकळ भागाच्या, आतल्या कोपऱ्यात, जिथे आपलं बोट जाणार नाही अशा ठिकाणीपण जाऊन बसतो, मग ते भट्टीत भाजतात. हा थर साधारण वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ, पण गाडीचं आयुष्य त्याच्यावर असतं. वरचा रंग दिसायला, खालचा हा जगायला.

आमच्याकडे ती टाकी नाही. कुठल्याच गॅरेजकडे नसते, कितीही भारी असू दे. आम्ही कापतो आणि जोडतो तेव्हा वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा हा थर जळून जातो. तिथून पुढे गाडी किती वर्षं टिकणार ते आम्ही त्या दोन-तीन दिवसांत काय करतो त्यावर ठरतं. जोडाच्या दोन्ही पट्ट्यांना झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, ज्याच्यावरूनच वेल्डिंग करता येतं तो, लावला का, पेटी बंद करायच्या आधी आतून इपॉक्सी प्रायमर मारला का, सांध्यांवर सीलर ओढला का, आणि सगळ्यात शेवटी पेंट भाजून झाल्यावर भोकातून लांब नळी घालून आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत गंज रोखणारं मेण, फवारलं का. यातलं डिलिव्हरीच्या दिवशी काहीच दिसत नाही. जे दिसतं ते फक्त वरचं लॅकर, म्हणजे चमकीचा थर, आणि तुमचं री-इन्स्पेक्शन लॅकरचंच होतं.

म्हणजे तुमचा माणूस गाडी दोनदा बघतो, एकदा तुटलेली आणि एकदा चकचकीत. मधे काय झालं ते कोणी बघत नाही.

माझे उस्ताद होते, आता नाहीत, त्यांनी फियाट-ॲम्बॅसिडरपासून काम केलेलं. ते पत्रा तपासताना हाताखाली सुती फडकं धरायचे आणि डोळे मिटून फिरवायचे, फडक्यामुळे हात अडकत नाही आणि केसाएवढी लाट पण तळव्याला कळते. हातोडी आणि डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, पत्रा एवढा सरळ आणायचे की लांबी नावापुरती लागायची. त्या काळात गॅस मारून पत्रा लाल करून ओढायची पद्धत होती, ते चालून जायचं कारण पत्रा जाड आणि साधा. आताच्या गाडीत बी-पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब, अशा ठिकाणी जे स्टील असतं ते साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकदीचं असतं, आणि ती ताकद त्याला कारखान्यात तापवून एकदम थंड केल्यामुळे आलेली असते. त्याच्यावर गॅस मारला की दिसायला सरळ होतं पण आतली ताकद गेली. ते ओढायचं नसतं, बदलायचं असतं. अजूनही मी गॅस मारताना बघतो, आणि एस्टिमेटमध्ये पिलर रिप्लेस लिहिलं की तुमच्याकडून रिपेअर करा म्हणून उत्तर येतं हेही बघतो.

लोक आता सुरक्षेचे स्टार बघून गाडी घेतात, ऑक्टोबर २०२३ पासून गाडी आपटून तपासून स्टार देणारं आपलं स्वतःचं भारत एनसीएपी सुरू झालंय, फार चांगली गोष्ट झाली. पण ते स्टार प्लँटमधून निघालेल्या बॉडीला मिळालेले असतात. बाजूने गाडी आपटली की बी-पिलरचा पाय सिलवर उभा असतो, तो धक्का सिल पुढे-मागे वाटून घेतं. मॅडमच्या गाडीचं सिल मी हाताने मोडून काढलं, पक्कड पण लागली नाही. त्या बाजूच्या सीटवर त्यांचा मुलगा बसतो.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. अमेरिकेत टेक्सासमध्ये एक केस झाली होती. होंडा फिट गाडी, म्हणजे आपल्याकडची जॅझ, गारांनी छत खराब झालं म्हणून एका बॉडी शॉपने नवीन छत बसवलं, कंपनीची पद्धत वेल्डिंगची होती पण यांनी चिकटवून बसवलं. पुढे ती गाडी सेकंडहँड विकली गेली. ज्या नवरा-बायकोने घेतली त्यांना या कामाची काही कल्पना नव्हती, २०१३ ला त्यांचा अपघात झाला, बॉडी जशी टिकायला हवी तशी टिकली नाही, गाडीने पेट घेतला आणि दोघं भयंकर जखमी झाले. २०१७ ला ज्युरीने जवळपास ४.२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा त्या बॉडी शॉपवर टाकला. मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. मला हे लक्षात राहिलं की काम एकाच्या वेळी झालं आणि भोगलं दुसऱ्याने, ज्याच्या हातात कामाचा एक कागद पण नव्हता.

आता पैशाचं बोलू, कारण खरं दुखणं तिथेच आहे आणि तिथे तुमचा हात आहे.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापायचं जादा कव्हर, नसलेल्या पॉलिसीत तुम्ही घसारा कापता. गाडी पाच वर्षांच्या वर गेली की लोखंडी पार्टवर ४० टक्के, दहाच्या वर ५० टक्के. प्लास्टिकच्या पार्टवर सरसकट ५०. पेंटच्या मटेरियलवर ५०, आणि पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातलं २५ टक्के मटेरियल धरून त्यावर ५०. नियम आहेत, मान्य. पण त्याचा शेडमध्ये काय परिणाम होतो तो बघा. सात वर्षांच्या गाडीचा मालक माझ्यासमोर उभा असतो, मी म्हणतो सिल नवीन टाकू, तो हिशोब करतो की पार्टच्या ४० टक्के माझ्या खिशातून, त्यापेक्षा आहे तेच ठोकून-बिकून सरळ करा. सर्व्हेअर साहेब पण रिपेअरलाच खूश कारण क्लेम कमी बसतो. वर्कशॉपला लेबर तुमच्या ठरलेल्या रेटने मिळते, पत्रा सहा तास ठोकला काय आणि दीड तासात लांबी भरली काय, पॅनलचे पैसे तेवढेच. मग सहा तास कोण ठोकणार? तिघांना पण त्या दिवशी लांबी परवडते. न परवडणारी गोष्ट दोन वर्षांनी येते आणि तेव्हा तिघांपैकी फक्त मालक हजर असतो.

आणि गंजाचं काम तुमच्या बिलात ओळच नसते. मी एस्टिमेटमध्ये इपॉक्सी, सीलर, वॅक्स वेगळं लिहिलं की ते पेंटिंगमध्ये आलंच म्हणून काट मारली जाते. माझ्याकडे एका सिलला वॅक्सचा खर्च मटेरियल आणि मजुरी धरून हजार-बाराशे होतो, लाखाच्या बिलात तो भाजीतल्या मिठाएवढा, पण कापायला सगळ्यात सोपा तोच, कारण नसला तरी कळत नाही.

डिलिव्हरीच्या तारखेचं पण सांगायलाच हवं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर समुद्राची खारी हवा. जुलैमध्ये रात्री पत्रा उघडा घासून ठेवला तर सकाळी त्यावर हळद लावल्यासारखा पिवळा थर असतो, एका रात्रीत. लांबी म्हणजे स्पंज, पाणी पेपर मारला की ती पाणी पिते, लाइट लावून नीट सुकवावी लागते, नाहीतर आतलं पाणी प्रायमरखाली कोंडतं आणि पुढे फोड बनून वर येतं. ज्या वर्कशॉपमध्ये बोर्डावर गाडीचा नंबर आणि समोर डिलिव्हरी डेट लिहिलेली असते आणि फोन वाजत असतो, तिथे पावसाळ्यात सुकायला वेळ कोण देणार? पेंटरचा नाइलाज होतो. पुण्यात जे काम पाच वर्षं टिकेल ते गुहागर-मालवणला दोन वर्षांत फुगतं, तरी सगळीकडे रेट तोच, दिवस तेवढेच.

मीपण हे केलंय, ते लपवून तुम्हाला शहाणपण शिकवणं बरोबर नाही. शेड नवीन टाकली होती, बँकेचा हप्ता डोक्यावर, एका गिऱ्हाइकाला लग्नासाठी गाडी हवी होती, मागच्या क्वार्टर पॅनलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्याला, मी लांबी चढवून चार दिवसांत देऊन टाकली. तीन वर्षांनी तीच गाडी परत माझ्याकडे आली, नंबर ओळखीचा, मालक वेगळा. नवीनच घेतली होती त्याने, पहिली गाडी, टपरी चालवून साठवलेले पैसे. मला विचारत होता, हे काम कुणी केलं असेल हो? मी त्याला खरं सांगितलं आणि पॅनल फुकट बदलून दिलं, पण त्याचा तो प्रश्न अजून कानात आहे. तेव्हापासून प्रत्येक पेटीचे फोटो काढतो, बंद करायच्या आधी, तारखेसकट, आणि मालकाला पाठवतो. काही जण बघतच नाहीत. तरी पाठवतो.

तेच तुम्ही सगळीकडे सक्तीचं करा, एवढंच माझं मागणं आहे. जिथे पत्रा कापून जोडलाय, सिल, पिलर, ॲप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), फ्लोअर, क्वार्टर, तिथे पेटी बंद करायच्या आधी सर्व्हेअरने बघितल्याशिवाय बिल पास व्हायला नको. प्रत्यक्ष यायला जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बघा, नाहीतरी लहान क्लेमचे सर्व्हे आता फोनवरच होतात, मग हा दहा मिनिटांचा कॉल जड कशाला वाटावा. लांबीच्या आधीचा उघडा पत्रा दिसू दे, वेल्डिंगचे स्पॉट मोजता येऊ दे, तळाची भोकं उघडी दिसू देत. पेंटची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, ओरिजिनल पेंट शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि ज्या मीटरला लोखंडापासूनची पूर्ण जाडी मोजता येते त्याच्यावर मॅडमच्या सिलसारखी जागा लगेच कळते, प्रत्येक सर्व्हेअरच्या बॅगेत ते असायला हवं. गंजाच्या कामाची बिलात वेगळी ओळ द्या आणि तिच्यावर काट मारू नका. कोकणपट्टीला सुकण्याचे दोन दिवस जास्त धरा.

आणि वॉरंटी पेंटची नको, जोडाची हवी, निदान तीन पावसाळे, लेखी, गाडीच्या नंबरवर, म्हणजे गाडी विकली तरी कागद तिच्यासोबत जाईल आणि सेकंडहँड घेणाऱ्याला आधीच कळेल की इथे काम झालंय आणि असं झालंय. कॅशलेसची यादी तुमची आहे. ग्राहक त्या यादीवर विश्वास ठेवून गाडी टाकतो, मग तीन पावसाळ्यांत जोड फुगला तर त्याच वर्कशॉपकडून पुन्हा करून घ्यायची जबाबदारीपण तुमचीच असायला हवी, ग्राहकाला हेल्पलाइनवर फिरवत ठेवायचं नाही.

ब्रिटनमध्ये या कामाला बीएस १०१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात काम करणारा माणूस शिकलेला आहे का, मशीन बरोबर आहे का, मटेरियल आणि पद्धत कुठली, सगळं तपासतात. आपल्याकडे पण आयटीआयमध्ये बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंगचे ट्रेड आहेत. माझ्याकडे तिथून आलेला एक पोरगा आहे, मिग वेल्डिंगचा हात इतका छान बसलाय त्याचा की मी बघत राहतो. पण तो मला विचारतो, शेठ, नीट केलं काय आणि नाही केलं काय, बिल तर तेवढंच पास होतं ना? माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नाही. ते तुमच्याकडे आहे.

सर्व्हेअर साहेबांनो, तुमच्यावर राग नाही. तुमच्यात असे लोक मी बघितलेत की पावसात गुडघ्यावर बसून टॉर्च मारून खालून बघतात, आणि आमच्याशी वाद घालून पिलर रिप्लेस लिहून देतात. त्यांच्यावर वरून किती दबाव येतो तेही ऐकलंय. हे पत्र त्यांच्या उपयोगाला आलं तर फार बरं होईल.

मॅडमची गाडी अजून माझ्याकडेच आहे. जुनं सिल पूर्ण काढलंय, नवीन पार्ट परवा कोल्हापूरहून आला, आतला पत्रा घासून इपॉक्सी मारून झालाय, आज तो सुकतोय, दोन लाइट लावून ठेवलेत. तळाची भोकं मी मोजली, चार आहेत, चारही मोकळी केलीत. सोमवारी सकाळी दहा वाजता बाहेरचा पत्रा लावून वेल्डिंग सुरू करणार. तोपर्यंत पेटी उघडी आहे. तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीत असेल तर सोमवारच्या आधी शेडवर या, काढलेला जुना तुकडा पण बाजूलाच ठेवलाय, हातात घेऊन बघा.

आपला,
एमआयडीसीतला एक डेंटर
रत्नागिरी